दोर सोडण्याआधी

मी नेमकं काय काम करते हे आमच्या चौलच्या घरी आजवर कुणाला नीट कळलेलं नाही. आई शेजाऱ्यांना सांगते, "ती हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर असते." मामा आला की आपला बिघडलेला प्रिंटर घेऊन येतो. मी डेटाबेस सांभाळते असं म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि पाण्यापावसाचं विचारतो. आता मीही समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही.

खरं तर काम अगदी घरगुती आहे. सकाळी आल्यावर आधी रात्रीचा बॅकअप झाला का ते बघायचं, आणि नुसता झालाय यावर विश्वास न ठेवता तो उघडून बघायचा. डिस्कवर जागा किती उरलीय ते बघायचं, लॉगची, म्हणजे दिवसभराच्या घडामोडींच्या नोंदीची, फाईल फुगली असेल तर ती आटोक्यात आणायची. रक्ततपासणीचे रिपोर्ट उघडायला वेळ लागतोय अशी तक्रार आली की समजायचं, कुणीतरी एकदम सगळ्या वर्षांची माहिती मागवून चहाला गेलंय. त्या माणसाला शोधून त्याच्याशी गोड बोलायचं. हे शेवटचं मला जमत नाही. माझ्या तोंडाबद्दल हॉस्पिटलात बरीच ख्याती आहे.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं, दिघीच्या जेटीपासून गाडीनं तासाभरावर. दुसऱ्या मजल्यावर धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली आहे, तिथे सर्व्हर आणि मी. सर्व्हरला गारवा लागतो म्हणून एसी कायम चालू. ऐन मे महिन्यात खाली सगळे घामाघूम झालेले असतात आणि मी शाल पांघरून बसलेली असते. त्यावरूनही लोक हसतात.

या कामात सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे खोळंबा. एकानं एखादी नोंद बदलायला घेतली की त्याचं होईपर्यंत दुसऱ्या कुणाला तिला हात लावता येत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर दोघं एकमेकांच्या लिहिण्यावर लिहून ठेवतील. पण आमचं सॉफ्टवेअर जुनं. पेशंट घरी जाताना त्याची नोंद बंद करायची, तेव्हा तिला एक क्रमांक मिळतो, आणि पुढचा क्रमांक काय हे सबंध हॉस्पिटलासाठी एकाच ओळीत लिहून ठेवलेलं असतं. 'नोंद बंद करा' म्हटलं की सॉफ्टवेअर ती ओळ आधी ताब्यात घेतं आणि मग सावकाश विचारतं, "ही नोंद कायमची बंद होईल. पुढे जायचे का?" खाली 'हो' आणि 'नाही'. हा प्रश्न पडद्यावर आहे तोवर हॉस्पिटलातून दुसरा कुणीच घरी जाऊ शकत नाही. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा, एवढीच माझी इच्छा आहे. कंपनीला कितीदा कळवलं. नव्या आवृत्तीत करू म्हणतात.

माझ्या पडद्यावर मात्र सगळं दिसतं. कोण थांबलंय, कुणामुळे थांबलंय. रांगेच्या टोकाशी एकच नाव असतं. त्या माणसाचा कॉम्प्युटर डेटाबेसपासून तोडायचा अधिकार मला आहे. एक आज्ञा दिली की झालं. त्याचं अर्धवट राहिलेलं काम पुसलं जातं, नोंद आधी होती तशी होते आणि मागचे सगळे सुटतात. इथे येण्याआधी नवी मुंबईत एका कंपनीत होते, तिथे दिवसभर हेच करायचे. तिथे नावं नव्हतीच, नुसते आकडे. कुणाचं काय पुसलं गेलं हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

इथे मी तसं करत नाही. आधी फोन करते, दोन शब्द सुनावते, मगच तोडते. ही सवय मला फेरीबोटीवर लागली.

शनिवारी मी घरी जाते. दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांडा, तिथून मुरुडवरून चौल. नवीन होते तेव्हा एकदा उशीर झाला. रिक्षातून उतरून धावत सुटले, तर बोटीची पुढची लोखंडी फळी उचलायच्या बेतात होती. दोर धरून उभ्या असलेल्या माणसानं मला पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला. मी धापा टाकत चढले आणि आभार मानायचे सोडून म्हणाले, "थांबायलाच पाहिजे, माझं तिकीट काढून झालंय."

तो हसायला लागला. "तिकिटाचं न्हाय हो मॅडम. दोर सोडायच्या आधी एकदा मागं रस्त्याला बघायचं, मंग सोडायचा. कोन ना कोन धावत येतच असतं."

पुढे दर शनिवारी पाहायचे. गाड्या चढून व्हायच्या, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, तरी हा एकदा वळून चढावावरच्या रस्त्याकडे बघायचा. बहुतेक वेळा कुणी नसायचं. मग तो दोर सोडायचा.

आमच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या ताईंचा तो नवरा, हे मला मागाहून कळलं. त्यांचं घर खाडीपलीकडे. ताई रोज सकाळी त्याच्याच बोटीनं यायच्या आणि संध्याकाळी त्याच्याच बोटीनं परत जायच्या. ओळख झाल्यावर तो मला चिडवायची संधी सोडायचा नाही. "काय मॅडम, आज सर्व्हरला भरती की ओहोटी?" मी म्हणायचे, "तुमच्या बायकोला विचारा, तीच बुडवते." ताई डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यासाठी वेगळी बांधून आणायच्या आणि माझी बोलणीही निमूट खायच्या. तो प्रश्न पडद्यावर तसाच टाकून उठायची खोड त्यांनाही होती. "ताई, तोडते हं," असं मी फोनवर म्हटलं की त्या धावत जागेवर यायच्या.

एका बाबतीत मात्र त्या कधी उठायच्या नाहीत. पेशंट दगावला तर त्याची नोंद बंद करायचं काम खिडकीवर कुणालाच नको असायचं, ते ताईंकडे यायचं. त्या घरच्या माणसांना समोर बसवायच्या, नाव वाचून दाखवायच्या, वडिलांचं नाव, वय, गाव. पुन्हा विचारायच्या. नावात चूक राहिली की बाईमाणसाला तालुक्याच्या कचेरीत किती खेपा पडतात हे त्यांनी पाहिलं होतं. मागे रांग कुरकुरली तरी त्या हलायच्या नाहीत.

गणपती गेले आणि ताईंचा नवरा आजारी पडला. आधी ताप, मग छातीत पाणी झालं. आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं, माझ्याच मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. ताईंनी रजा घेतली नाही. "हितंच तर हाय मी," म्हणायच्या आणि जिन्यावरून सारख्या खालीवर करायच्या. मी येताजाता वॉर्डात डोकवायचे. एकदा त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "मॅडम, माजा बॅकअप घ्येऊन ठेवा." मी म्हटलं, "तुमचा बॅकअप घ्यायला आमची डिस्क पुरायची नाही." तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. नर्सनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं बाहेर पडले. तो बरा होऊन परत जेटीवर उभा राहील याबद्दल मला शंकाच नव्हती.

तो सकाळी गेला. मला चादरींच्या खोलीतल्या मावशींनी सांगितलं. मी वॉर्डात गेले तेव्हा ताई त्याची शाल घडी करत होत्या. रडत नव्हत्या. घडी नीट बसली नाही म्हणून त्यांनी ती उलगडून पुन्हा केली. अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ उभी राहिले आणि आपल्या गार खोलीत येऊन बसले. स्वतःचा राग येत होता.

दुपारी फोन वाजला. व्यवस्थापक होते. "काय चाललंय तुमचं? एकही डिस्चार्ज होत नाहीये. खाली माणसं ओरडतायत."

मी पडदा बघितला. सगळे थांबलेले, नेहमीसारखे, आणि टोकाशी ताईंचं नाव. मला वाटलं, ताई तर वर असतील, त्यांच्या नावानं दुसरंच कुणी काम करतंय. मी चिडून खिडकीवर फोन लावला. शेजारच्या खिडकीवरच्या मुलीनं उचलला आणि हळू आवाजात म्हणाली, "ताईच बसल्यात मॅडम. आम्ही म्हटलं आम्ही करतो, तर ऐकत नाहीत. माझ्या माणसाची नोंद मीच करणार म्हणतात."

कुठली नोंद अडकलीय ते मला मग बघावं लागलं नाही.

व्यवस्थापकांचा पुन्हा फोन. "अहो, तोडा ना. वाट कसली बघताय?"

त्यांचं चुकत नव्हतं. खाली आजारातून उठलेली माणसं बाकड्यांवर ताटकळत होती. शिवाय ती नोंद बंद झाल्याशिवाय कागद छापून येत नाही, आणि कागदाशिवाय शव बाहेर नेता येत नाही. शववाहिका दारात उभी होती. दिवस मावळायच्या आत खाडी ओलांडून त्याला गावी न्यायचं होतं, पलीकडे सगळे जमले होते. बोट चुकली तर अख्खी रात्र त्याला इथेच शवागारात ठेवावं लागलं असतं. एका आज्ञेचं काम होतं. पण मी तोडलं तर ताईंनी भरलेलं सगळं पुसलं जाणार होतं. नाव, वय, वेळ, कारण. ते त्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार होतं. मी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि खाली गेले.

खिडकीपुढे गर्दी होती. एकजण ओरडला, "आमची गाडी कवाची उभी हाय, कोन बघतंय का न्हाय?" मी त्याच्यावर खेकसणार होते, पण त्याच्या हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. "होतंय काका, थोडं थांबा," एवढंच म्हणाले. इतकं मऊ बोललेलं माझं मलाच ओळखू आलं नाही.

ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर तो प्रश्न. त्यांचा दीर दाराशी भिंतीला टेकून उभा होता, तो एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बाहेर उन्हाकडे बघत होता.

मी स्टूल ओढून शेजारी बसले. "ताई."

"समदं भरलंय मॅडम. दोनदा तपासलंय." एरवी ऑफिसात त्या माझ्यासारखंच बोलायच्या. त्या दिवशी घरचं बोलणं तोंडात आलं. "निस्तं बटन राह्यलंय. दाबवत न्हाय."

"मी दाबू?"

"नको."

"मग 'नाही' दाबा. बाहेर पडा. थोड्या वेळानं बघू."

त्यांनी मान हलवली. "न्हाय कसं म्हनू? खोटं व्हईल."

मागे गर्दीत कुणीतरी कुणाच्या तरी कानात काही सांगितलं असावं, कारण ओरडणं थांबलं होतं. सलाईनच्या पट्टीवाले काका बाकावर जाऊन बसले.

मग ताईंनीच विचारलं, "तुमी वरनं तोडलं तर काय व्हतं?" हा शब्द त्यांना माझ्यामुळेच माहीत होता.

"आधी होतं तसं होतं."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही भरलेलं सगळं जाईल. ते..." मी थांबले. मग सांगून टाकलं. "ते दाखल दिसतील. त्यांच्या खाटेवर."

ताईंनी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"तसंच करा," त्या म्हणाल्या.

"ताई, सगळं पुन्हा लिहावं लागेल."

"लिव्हीन. पन एकदा बघू दे."

मी दिराकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि बाहेर शववाहिकेच्या ड्रायव्हरशी बोलायला गेला.

मी वर आले. ती आज्ञा मी आयुष्यात इतक्यांदा दिलीय की बोटं आपोआप चालतात. त्या दिवशी एकेक अक्षर बघून टाईप केलं. एंटर दाबला आणि रांग सुटली. थांबलेले सगळे एकामागून एक पुढे गेले, खाली दुसऱ्या खिडक्यांवर कागद छापून यायला लागले असतील. मी त्याची नोंद उघडली. पेशंटची नोंद बघणं माझं काम नाही, मी ती कधी उघडत नाही. त्या दिवशी उघडली. दाखल. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. आमच्या हॉस्पिटलाच्या लेखी तो त्या घटकेला माझ्यापासून चार खोल्या सोडून झोपलेला होता. मी रडले. चांगली हमसून रडले. चादरींच्या खोलीतल्या मावशींनी माझं दार बाहेरून ओढून घेतलं.

ताईंचा कॉम्प्युटर पुन्हा जोडला गेलेला मला पडद्यावर दिसला. त्यांनी नोंद उघडली. नुसती उघडली, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. बाकीच्यांची कामं चालू होती आणि त्या बघत बसल्या होत्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. व्यवस्थापकांचा पुन्हा फोन आला नाही. मी वर माझ्या पडद्यावर त्यांच्या नावासमोरची ओळ बघत होते आणि त्या खाली त्याच्या नावासमोरची. मला वाटत होतं, बघू दे. बोट काय, अडवून धरतील.

मग त्यांनी सगळं पुन्हा भरलं असावं, कारण क्रमांकाची ती ओळ त्यांच्या ताब्यात गेली आणि गेल्या गेल्या सुटली. इतकं पटकन, की मी डोळे पुसत असते तर मला दिसलंही नसतं. मी नोंद पुन्हा उघडली. ती बंद झाली होती. नाव, वय, गाव, सगळं बरोबर होतं.

खाली आले तेव्हा ताई शववाहिकेत चढत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि "चला," म्हणाल्या. मी पायात खोलीतल्या चपला तशाच, पर्स वर विसरलेली, त्यांच्या शेजारी जाऊन बसले. वाटेत त्यांनी एका हातानं स्ट्रेचर हलू नये म्हणून धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हातात छापून आलेला कागद होता.

दिघीला उतार सुरू झाला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. बोटीची वेळ केव्हाच टळून गेली होती, तरी बोट धक्क्याला लागूनच होती. बोटीवर मासळीच्या बर्फाचा एक टेम्पो, काही मोटारसायकली आणि मुंबईकडच्या पाहुण्यांची एक गाडी. सगळी माणसं खाली उतरून उभी होती. आमच्यासाठी मधली जागा रिकामी ठेवलेली होती. हॉर्न कुणी वाजवला नाही. मागे अडकलेल्या माणसांचं ओरडणं ऐकणं हेच माझं रोजचं काम, आणि इथे एवढी माणसं अडकून पडली होती तरी कुणी काही म्हणत नव्हतं. शववाहिका उलटी घेत घेत बोटीवर चढवली. आम्ही दोघी खाली उतरून उभ्या राहिलो.

दोर धरायला आता त्याचा जोडीदार होता. वर्षानुवर्षं दोघं एकाच बोटीवर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, नुसता काचेतून बघत राहिला. जोडीदारानं दोर हातात घेतला आणि सवयीनं वळून चढावावरच्या रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं होतं. मला वाटलं आता सोडेल, पण तो दोर तसाच धरून ताईंच्या पुढ्यात आला.

"वहिनी," तो म्हणाला, "सोडू?"

ताई माझ्या बाजूनं वळल्या आणि त्यांनीही रस्त्याकडे बघितलं, वर वळणापर्यंत, तो बघायचा तसंच. बोटीवरची सगळी माणसं तिकडेच बघायला लागली. खाली पाणी धक्क्यावर चुळूचुळू वाजत होतं. मघाशी त्या खिडकीत ज्या बाईला एक बटण दाबवत नव्हतं तिला हे कुणी विचारायला नको होतं असं मला वाटलं, त्या माणसाचा रागही आला.

ताईंनी पदर सारखा केला.

"कोन न्हाय येत आता," त्या म्हणाल्या. "सोड."

त्यानं दोर सोडला.